महागाईचा पंचनामा

जावयाला सासऱ्याचा धाक असावा की नसावा, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. माझ्यापुरता तो प्रश्न लग्न ठरले त्याच दिवशी निकालात निघाला, कारण माझे सासरे पोलिसात होते. मुलगी पाहायला गेलो तेव्हा त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, "नाव?" दुसरा विचारला, "वडलांचं नाव?" आता तिसरा प्रश्न "काल रात्री कुठं होता?" असा येणार, या भीतीने मी पोह्यांची बशी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती. प्रत्यक्षात त्यांनी "साखर किती घेता?" एवढेच विचारले. तरीसुद्धा मी खरे तेच सांगितले.

आबा (सासऱ्यांना आम्ही सगळे आबाच म्हणतो) सातारा जिल्ह्यात शिपाई म्हणून भरती झाले आणि सहायक फौजदार म्हणून ३१ मे २००८ रोजी सेवानिवृत्त झाले. ३१ मे, कारण जन्मतारीख १ जून. त्यांच्या पिढीत ज्याची जन्मतारीख आईला आठवत नव्हती, त्याला शाळेच्या मास्तरांनी १ जून ही तारीख बहाल करून टाकलेली आहे. त्यामुळे दरवर्षी ३१ मे रोजी महाराष्ट्रातल्या कितीतरी सरकारी कचेऱ्यांत एकदम नारळ, शाल आणि भाषणे होतात. आबांच्या निरोप समारंभात साहेबांनी "तुमची उणीव भासेल" असे सांगितले आणि दुसऱ्या दिवसापासून ती भासली नाही, असे आबाच सांगतात.

सासूबाई गेल्यावर बायकोने हट्ट धरला आणि २०१९ मध्ये आबा पुण्याला आमच्याकडे राहायला आले. सामान म्हणजे एक ट्रंक, एक काठी आणि हिशेबाची वही. पहिल्या महिन्यात सगळे ठीक होते. दुसऱ्या महिन्याच्या एक तारखेला त्यांनी माझ्या बायकोला, म्हणजे सुनीताला, समोर बसवले आणि एक पाकीट पुढे केले.

"हे काय आबा?"

"घरखर्च. मूळ पाच हजार. वर चालू दरानं महागाई. इथं सही कर."

स्वतःच्या पोटच्या पोरीकडून पावती घेणारा बाप मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मला भयंकर राग आला. अर्थात तो मी जावयाला शोभेल अशा बेताने व्यक्त केला. म्हणजे म्हणालो, "आबा, अहो, हे काय, आम्ही काय परके आहोत का?"

"जावईबापू," आबा म्हणाले. हा शब्द ते 'चल, गाडीत बस' याच चालीवर उच्चारतात. "१९८२ साली सुप्रीम कोर्टानं नकारा खटल्यात काय सांगितलंय, ठाऊक आहे?"

मला अर्थातच ठाऊक नव्हते. १७ डिसेंबर १९८२ चा तो निकाल. पेन्शन म्हणजे सरकारची मेहेरबानी नव्हे, केलेल्या नोकरीबद्दलचा तो हक्क आहे, असे त्यात कोर्टाने म्हटले. पेन्शनर मंडळी अजूनही १७ डिसेंबर हा आपला दिवस म्हणून पाळतात, हार घालतात आणि चहा पितात.

"कोर्ट म्हणतंय ही खैरात नव्हे. मग तीच पेन्शन खिशात ठेवून तुमच्या घरात मी खैरात खाऊ?"

यावर माझ्यासारख्या कारकुनी वकुबाच्या माणसाने काय बोलावे? सुनीताने सही केली. मी साक्षीदार म्हणून केली. २०२० उजाडले तेव्हा पाकिटावर हिशेब असा असे : मूळ ५,०००, महागाई १७ टक्के प्रमाणे ८५०, एकूण ५,८५०.

आता ही महागाई काय भानगड आहे, ते सांगायला हवे. नोकरीत असलेल्या माणसाला मिळतो तो महागाई भत्ता आणि निवृत्ताला मिळते ती महागाई वाढ. दर तोच, नाव वेगळे. 'महागाई वाढ' हे शब्द सरकारी कागदावर मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला वाटले, सरकारने महागाई वाढवल्याचे लेखी कळवले आहे. केंद्र सरकार वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलै या तारखांपासून, हा दर वाढवते. राज्य सरकार पाठोपाठ वाढवते. पण पाठोपाठ म्हणजे लगेच नव्हे. वरात पुढे जाते आणि मागे राहिलेले म्हातारे मामा रिक्षाने येतात, तसे. मधल्या महिन्यांचे पैसे थकबाकी म्हणून कधीतरी मिळतात. "आमच्यासारखंच आहे," आबा म्हणतात. "गुन्हा घडून, चोर पळून, लोक जमून, पांगून गेल्यावर आमची गाडी पोचायची. महागाईचा गुन्हा आधी, वाढ मागनं."

दर ठरतो तो औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून. केंद्राचा श्रम ब्युरो देशातल्या ८८ औद्योगिक गावांतून भाव गोळा करतो. मुंबई, पुणे, नागपूर, सोलापूर ही त्यातलीच. त्या भावांवरून निर्देशांक निघतो आणि बारा महिन्यांची सरासरी काढून टक्का ठरतो. यातला 'औद्योगिक कामगार' हा शब्द समजला तेव्हा आबा बराच वेळ गप्प होते. सबंध नोकरीत ते कारखान्यावर गेले ते फक्त संपाच्या बंदोबस्ताला.

"म्हणजे त्या कामगाराच्या घरखर्चावर माझी पेन्शन ठरते?"

"हो."

"मग लाठी जरा बेतानं चालवायला हवी होती."

त्या निर्देशांकात कशाला किती वजन, हेही आबांनी नातवाकडून शोधून घेतले. २००१ च्या पायावरच्या मालिकेत शंभरातले ४६ भाग अन्नाचे होते. २०१६ च्या पायावर नवी मालिका आली, तिच्यात ३९ उरले. "म्हणजे सरकारच्या हिशेबी आपण आता कमी खातो." पान, सुपारी, तंबाखू आणि मादक पदार्थ यांचा मात्र स्वतंत्र गट असून त्याला शंभरातले दोनाच्या वर थोडे वजन आहे. हे कळल्यापासून सुनीता त्यांच्या तंबाखूवर बोलली, की "शासनमान्य आहे" एवढेच उत्तर मिळते. त्यांची खरी तक्रार निराळी होती आणि ती मला पटली. कामगाराचे घर म्हणजे कमावता माणूस, शाळेत जाणारी पोरे, त्यांच्या फिया. औषध आहे त्यात, पण धडधाकट घराच्या बेताने. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या घरात तांदळाच्या डब्यापेक्षा गोळ्यांचा डबा मोठा असतो. आबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, डोळ्यांतले थेंब आणि कवळी यांची सरासरी कोणत्या गावातून काढणार?

हे सगळे समजल्यापासून आमच्या घरात भावांबद्दलचे भावच बदलले. कांदा महाग झाला, की चिरण्याआधीच सुनीताच्या डोळ्यांत पाणी येई आणि आबांच्या चेहऱ्यावर समाधान. "जूनपर्यंत टिकला पाहिजे," ते म्हणत. टोमॅटो उतरला, की ते अस्वस्थ. मुलीच्या संसाराचे नुकसान व्हावे असे कोणत्या बापाला वाटेल? पण टक्का वाढल्याशिवाय पाकीट वाढणार नाही आणि पाकीट वाढल्याशिवाय मुलीचा संसार कसा सावरणार, असा त्यांचा सरळ तर्क होता. मी कागदावर मांडून पाहिला. उत्तर आले नाही.

मग ते रोज सकाळी मंडईत जाऊ लागले. वहीत भाव टिपायचे, तेही स्टेशन डायरीच्या भाषेत. 'सकाळी ८.१० वा. मंडईत हजर. गवार, पाव किलो, सांगितलेला भाव ३०, दरडावल्यानंतर २५. मेथी जुडी २०, स्थिती संशयास्पद.' आणि एक दिवस त्यांना तो माणूस दिसला. पन्नाशी ओलांडलेला, हातात वही, कानावर पेन, घेत काही नाही, नुसते भाव विचारतोय आणि लिहितोय. आबांना खात्री पटली, की हाच तो ब्युरोचा माणूस. याच्या लेखणीतून आपला टक्का उतरतो. तीन दिवस त्यांनी त्याच्यावर पाळत ठेवली. चौथ्या दिवशी तो एका म्हातारीच्या पाटीवरून शिळी, स्वस्त वांगी टिपत असताना आबांनी मागून त्याचा खांदा धरला.

"साहेब, ही वांगी धरू नका. ताजी पलीकडं आहेत. त्यांचा भाव लिहा."

तो गृहस्थ इतका दचकला, की वही चिखलात पडली. हा माणूस ब्युरोचा आहे असे आबांना वाटत होते. आबा ब्युरोचे आहेत असे त्याला दोन दिवसांपासून वाटत होते. तो पोस्टातून निवृत्त झालेला निघाला. मग दोघांनी मिळून एका टपरीवर चहा घेतला आणि चहा दोन रुपयांनी वाढल्याची नोंद दोन्ही वह्यांत झाली. त्यांची ती ओळख पुढे चांगली टिकली. केंद्राचा टक्का आधी वाढतो म्हणून पोस्टवाले आबांना पेढे देतात आणि राज्याचा वाढला, की आबा परतफेड करतात. मधल्या काळात पेढ्यांचा भाव वाढलेला असतो, ही आबांची त्यातही तक्रार आहेच.

दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, त्याचीही एक गंमत आहे. पुढे मशिनवर अंगठा ठेवून दाखला द्यायची सोय झाली. आबांनी अंगठा ठेवला, मशिनने नाकारला. दुसरे बोट, नाकारले. दहाही बोटे झाली. जगातले पहिले अंगुलीमुद्रा कार्यालय १८९७ साली कलकत्त्यात निघाले, हे शिकत आणि सांगत ज्यांनी नोकरी केली, शेकडो आरोपींची बोटे शाईत बुडवून कागदावर दाबली, त्यांची स्वतःची बोटे ऐन वेळी फितूर झाली. "म्हातारपणी ठसे पुसट होतात हो," मशीनवाला मुलगा समजुतीने म्हणाला. आबांनी त्याच्याकडे बघितले आणि म्हणाले, "चोऱ्या करायला वय झालं म्हणायचं."

पण हे सगळे हसण्यावारी नेण्याचे दिवस एप्रिल २०२० पर्यंतच होते. करोना आला, टाळेबंदी आली आणि केंद्राने महागाईचे तीन हप्ते गोठवले : जानेवारी २०२०, जुलै २०२० आणि जानेवारी २०२१. राज्यानेही तोच कित्ता गिरवला. दर १७ वर थांबला तो दीड वर्ष. आबांनी एका शब्दाने कुरकुर केली नाही. "आमची पोरं नाक्यावर उभी राहून मरतायत, मी घरात बसून टक्के काय मोजू," म्हणाले आणि खरोखरच मंडईची वही त्यांनी ट्रंकेत टाकली.

पाकीट मात्र चालू होते. ५,८५०. दर एक तारखेला. भाव कुठे गोठले होते? सूर्यफुलाचे तेल शंभर-सव्वाशेवरून २०२१ मध्ये पावणेदोनशेच्या घरात गेले. गॅसचा सिलिंडर वर्षभरात सहाशेच्या आतून नऊशेच्या आसपास आला. आबा पेपर वाचत आणि पाकीट देताना सुनीताच्या नजरेला नजर देत नसत.

एक दिवस सुनीता स्वयंपाकघरातून माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "आबा चार वाजताचा चहा नको म्हणतात हल्ली."

"पित्त असेल."

"आणि तिसरी पोळी?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आबांना पाकीट वाढवता येत नव्हते, म्हणून त्यांनी आपला खर्च उतरवायला घेतला होता. एक चहा, एक पोळी, दुधावरची साय. औषधाच्या दुकानदाराकडून कळले, की गोळ्यासुद्धा पंधरा दिवसांऐवजी वीस दिवसांनी नेतात. त्या रात्री सुनीता रडली आणि मी छताकडे पाहत पडून राहिलो. त्यांच्याशी बोलायचे कोणी? फौजदाराला 'तुम्ही कमी खाता' असा आरोप तोंडावर वाचून दाखवायची माझी हिंमत नव्हती.

शेवटी सुनीताने मार्ग काढला, तो म्हणजे धडधडीत खोटे बोलण्याचा. "आबा, तेल उतरलं हो. पेपरवाले उगाच लिहितात. आपल्या वाण्याकडं सव्वाशेनंच मिळतं." तूरडाळ उतरली. साखर उतरली. आमच्या घरात २०२१ साली जेवढी स्वस्ताई झाली, तेवढी रामराज्यातही झाली नसेल. सिलिंडरची पावती 'उंदरानं खाल्ली'.

आबांनी उलटतपासणी घेतली नाही असे नाही. "कुठला वाणी? कोपऱ्यावरचा? सुटं की पिशवी?" पण सुनीता शेवटी त्यांचीच मुलगी. जबाबात तिने फट ठेवली नाही. आठ दिवसांनी चार वाजताचा चहा सुरू झाला. मग पोळी आली. गोळ्या वेळेवर आल्या. मी मनात म्हटले, अडतीस वर्षे चोरांचे खोटे पकडणारा माणूस, पण पोरीपुढे फसला.

ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्याने दर एकदम १७ चा २८ केला, तोही १ जुलैपासून. पाकीट ६,४०० झाले. मात्र गोठवलेल्या अठरा महिन्यांचे पैसे कुणालाच मिळणार नव्हते. आबांची मूळ पेन्शन सोळा हजार. पहिले सहा महिने ४ टक्के, पुढचे सहा ७, शेवटचे सहा ११. एकूण २१,१२०. हा आकडा आबांनी वहीच्या शेवटच्या पानावर लाल शाईत लिहून ठेवला आहे. वर मथळा : 'पाहिजे आरोपी'. खाली : 'रुपये २१,१२०. रंग गुलाबी. शेवटी दिसल्याचे ठिकाण, मंत्रालय. फरार.' दरवर्षी मार्चमध्ये अर्थसंकल्प झाला, की ते त्या पानावर 'अद्याप तपास लागला नाही' असा शेरा मारून तारीख टाकतात.

त्यानंतर टक्का चढत गेला. एकतीस, चौतीस, अडतीस, करता करता पन्नास ओलांडून गेला. २०२३ मध्ये, पंधरा वर्षे पुरी झाल्यावर, पेन्शनचा विकलेला भागही त्यांच्याकडे परत आला. जानेवारी २०२५ च्या हप्त्याला तर अजब प्रकार झाला. गणित केले तर टक्का निघत होता ५५.९८. अपूर्णांक सोडून द्यायचा असा नियम, म्हणून मिळाले ५५. आबांचे दरमहा दीडशेच्या वर रुपये त्या दशांश चिन्हामागे अडकले.

"पूर्वी दीडशे उचलले तर मी ३७९ लावायचो," आबा म्हणाले. "आता नवी संहिता आली, चोरी ३०३ झाली. कलम बदललं, पण माझे दीडशे काही सापडत नाहीत."

राज्याचा हा ५५ टक्क्यांचा आदेश आला २०२५ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे नेहमीप्रमाणे मामा रिक्षाने आले. जानेवारी ते जुलै, सात महिन्यांची दोन टक्क्यांची थकबाकी, २,२४०. ती ऑगस्टच्या पेन्शनबरोबर जमा झाली. एक तारखेला सुनीताला हाक आली. मी साक्षीदार म्हणून पेन घेऊन गेलो.

टेबलावर दोन पाकिटे होती. एक नेहमीचे, ७,७५० चे. दुसऱ्यावर काही लिहिलेले नव्हते.

"हे कसलं?" सुनीता म्हणाली.

आबांनी वही उघडून आमच्यासमोर ठेवली. २०२१ चे पान होते. ती वही ट्रंकेत पडली आहे असे आम्ही समजत होतो. पानावर मधोमध रेघ आणि दोन रकाने. डावीकडे मथळा 'सुनीताने सांगितलेला भाव', उजवीकडे 'खरा भाव'. तेल, डाळ, साखर, सिलिंडर. एकेक तारीख. पोस्टवाले खबरी होते. कोपऱ्यावरच्या वाण्याचाही जबाब झालेला होता. रकान्याखाली बेरीज, फरक ९,४१६. त्याला भागिले चार, कारण घरात माणसे चार. २,३५४.

"थकबाकी आली ती दोन हजार दोनशे चाळीसच," आबा म्हणाले. "वरचे एकशेचौदा मी पदरचे घातलेत."

सुनीताला काही बोलता येईना. मी घसा साफ करून म्हणालो, "आबा, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"पहिल्या दिवशी."

"मग चहा का घेऊ लागलात?"

आबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"पोरगी एवढं मन लावून खोटं बोलत होती," ते म्हणाले, "म्हटलं, पितो. इथं सही कर."